फार्मास्युटिक्स तीन गुणांनी राहिला: छायाप्रत मागवू का? आणि एक्झिट परीक्षेची तयारी

मिठागर (शिरोडा) | ९ जुलै, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

डी.फार्म.च्या (फार्मसीचा दोन वर्षांचा डिप्लोमा) दुसऱ्या वर्षाचे सगळे विषय सुटले. पण पहिल्या वर्षाचा मागे राहिलेला फार्मास्युटिक्स (औषधं तयार करण्याचा विषय) पुन्हा राहिला, तोही तीन गुणांनी. तो सुटल्याशिवाय डिप्लोमा नाही. डिप्लोमा नाही म्हणजे एक्झिट परीक्षा नाही, आणि ती नाही म्हणजे फार्मसी कौन्सिलची नोंदणी नाही. आमच्या वाडीपासून सगळ्यात जवळचं औषधाचं दुकान चार किलोमीटरवर आहे. बाबांनी घराची रस्त्याकडची खोली गेल्या दिवाळीतच दुकानासाठी रंगवून ठेवलीय. फळ्यासुद्धा मारून झाल्यात.

पेपर मला चांगला गेला होता. सातपैकी सहा दीर्घोत्तरी, अकरापैकी दहा लघुत्तरी आणि एकेका गुणाचे वीसही, सगळं लिहिलं. इमल्शनचा (तेल आणि पाणी एकमेकांत मिसळून केलेलं औषध) पाच गुणांचा प्रश्न शेवटी पुरवणीत लिहिला. म्हणूनच तीन गुणांनी नापास हे मनाला पटत नाही. कॉलेजात विचारलं तर "त्यातून काही निघत नाही, हिवाळी परीक्षेला बस" एवढंच उत्तर मिळालं.

तपासलेल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी का? गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन यांत फरक काय? दोन्हीचे पैसे वेगळे आहेत आणि आत्ता आमच्याकडे पैशांची ओढ आहे. निकाल लागल्यापासून आई गप्प आहे. रागावलेली नाही, तिला काय बोलावं ते सुचत नाही.

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण) | ९ जुलै, ११.४२

आधी छायाप्रत. बाकीचा विचार ती हातात आल्यावर.

आणि उद्याच अर्ज भर. मुदत फार थोडे दिवस असते आणि आपल्याकडे जुलैत वीज आणि नेट यांचा भरवसा नाही. माझ्या धाकट्या बहिणीचा अर्ज गेल्या वर्षी शेवटच्या दिवसावर ठेवला होता. संध्याकाळी लाइट गेली ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. मुदत गेली ती गेलीच. तुमच्याकडे नेट नसेल तर सरळ एसटी पकडून सावंतवाडी गाठ, पण उद्याच भर.

पैसे भरल्याची पावती, अर्ज क्रमांक, स्क्रीनचा फोटो, सगळं दोन फोनांत ठेव. २२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा माझी जर्नलं आणि पावत्या सगळा चिखल झाला. तेव्हापासून मी कागद एकाच जागी ठेवत नाही.

---

जुना परीक्षक | १० जुलै, सकाळी ६.५५

मी बरीच वर्षं फार्मसी शिकवलं आणि पेपरही तपासले. ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर नीट देतो.

गुणपडताळणीत उत्तर कोणी पुन्हा वाचत नाही. आतल्या पानांवरचे गुण मुखपृष्ठावरच्या तक्त्यात बरोबर उतरले का, बेरीज जुळते का, एखादं उत्तर तपासायचंच राहिलं का, एवढंच पाहतात. पुनर्मूल्यांकनात दुसरा परीक्षक उत्तरं वाचून गुण देतो. त्यात गुण वाढतात, तसे कमीही होऊ शकतात. म्हणून छायाप्रत न पाहता पुनर्मूल्यांकनाला जाणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

प्रत आली की घाईने चाळू नकोस. शिसपेन आणि कोरा कागद घेऊन बस. पहिल्यांदा नुसते गुण बघ: प्रत्येक उत्तराच्या समासात आकडा आहे का, तोच आकडा तक्त्यात आहे का. पुरवणी जोडलेली आहे का, तिच्यावर लाल शाईची एक तरी खूण आहे का, हे मुद्दाम पाहा. गठ्ठ्यात पुरवणी मागे दुमडली गेली की नजरेतून सुटते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. दुसऱ्यांदा पुस्तक उघडून स्वतःची उत्तरं वाच आणि आपणच आपल्याला गुण दे. तिथे मात्र स्वतःला झुकतं माप देऊ नकोस.

तोवर हिवाळी परीक्षेचा फॉर्म सुटला तर तोही भर. अर्जाचा निकाल काहीही लागो, परीक्षेची संधी हातची जाऊ देऊ नये.

---

दहा रुपयांचा स्टॅम्प (रत्नागिरी) | १० जुलै, ९.२०

कायद्याची बाजू लिहून ठेवतो, पुढच्या मुलांनाही उपयोगी पडेल.

तपासलेली उत्तरपत्रिका पाहणं आणि तिची प्रत घेणं हा परीक्षार्थीचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी सीबीएसई विरुद्ध आदित्य बंडोपाध्याय या खटल्यात तसा स्पष्ट निकाल दिला. परीक्षा घेणाऱ्या मंडळाच्या स्वतःच्या नियमांत छायाप्रतीची सोय असली तरी माहिती अधिकाराचा रस्ता बंद होत नाही. परीक्षकाचं नाव मात्र मिळत नाही. केरळ लोकसेवा आयोगाच्या खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालात ते नक्की झालंय, आणि ते योग्यच आहे.

अर्ज साध्या कागदावर, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, आपल्या राज्यात त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर ९० दिवसांत द्वितीय अपील राज्य माहिती आयोगाकडे. आपल्यासाठी त्याचं कोकण खंडपीठ नवी मुंबईत आहे.

इथेच पुष्कळ जण फसतात. माहिती अधिकाराचे ३० दिवस चालू असले म्हणून मंडळाची पुनर्मूल्यांकनाची मुदत थांबत नाही. म्हणून आधी मंडळाची छायाप्रत. माहिती अधिकार दुसरा हात म्हणून ठेवायचा.

---

हर्णैची आई | १० जुलै, दुपारी २.०५

बाळा, तुझं वाचून माझा जीव कासावीस झाला. माझा मुलगाही फार्मसीलाच आहे. एका मुलीच्या आयुष्याचं वर्ष तीन गुणांवर अडतं आणि कॉलेज म्हणतं पुन्हा बस! सरळ कोर्टात का जाऊ नये?

---

दहा रुपयांचा स्टॅम्प (रत्नागिरी) | १० जुलै, ४.३०

ताई, तुमची तळमळ कळते. पण कोर्ट स्वतः पेपर तपासत नाही. रण विजय सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं: नियमात फेरतपासणीची सोय असेल तर परीक्षा घेणाऱ्याला ती देता येते, नसेल तर चूक ढळढळीत दिसत असल्याशिवाय न्यायालयाने हात घालू नये, आणि शंका उरली तर फायदा परीक्षा घेणाऱ्याला. 'माझं उत्तर जास्त गुणांचं होतं' एवढ्यावर याचिका टिकत नाही. 'माझं उत्तर तपासलंच नाही' हे मात्र वेगळं, ते कागदावर दिसतं.

वेळ आलीच तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाला आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालंय, आपले दोन्ही जिल्हे त्यात येतात. रायगडकरांना मात्र मुंबईच. पण आधी मंडळाकडचे सगळे अर्ज करून झालेले हवेत.

---

मिठागर (शिरोडा) | २६ जुलै, संध्याकाळी ७.४०

छायाप्रत आली. सरांनी सांगितलं तसं शिसपेन घेऊन बसले. आईपण शेजारी बसली होती. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण लाल खूण कुठे आहे ते तीच दाखवत गेली.

मुख्य उत्तरपत्रिकेच्या प्रत्येक पानावर खुणा आहेत. पुरवणी जोडलेली आहे, पण तिच्या तीन पानांवर लाल शाईचा ठिपकासुद्धा नाही. तक्त्यात त्या उत्तराचा चौकोन कोरा. शून्यही नाही, रेघही नाही, नुसता कोरा. आईने तिथे बोट ठेवलं आणि निकालानंतर पहिल्यांदा ती बोलली: "म्हणजे ह्यां बघूकच नाय?"

मी आजच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरला. सोबत पान क्रमांक, प्रश्न क्रमांक आणि तक्त्यातला कोरा चौकोन यांचा उल्लेख करून एक पानाचं पत्रही दिलं.

सर, उत्तरात काय लिहिलंय ते थोडक्यात सांगते. इमल्शनचे दोन प्रकार, उदाहरणांसह. ओळखण्याच्या चाचण्यांत डायल्यूशन चाचणी पूर्ण. रंगाच्या चाचणीचं नाव लिहिलं, पण कुठला रंग कशात विरघळतो ते नाही. शेवटी अस्थिरता: 'क्रॅकिंग झालं तरी बाटली हलवली की इमल्शन पूर्ववत होतं, क्रीमिंग झालं तर होत नाही.' मला वाटतं तीन गुण नक्की मिळतील. तेवढेच हवेत.

---

जुना परीक्षक | २६ जुलै, रात्री ९.१५

ताई, तू पत्र उत्तम लिहिलंस. 'माझ्यावर अन्याय झाला' असं मोघम न लिहिता पान आणि प्रश्न दाखवलास.

पण तुला खोटा धीर दिला तर मी शिक्षक कसला? शेवटचा भाग उलटा लिहिला गेलाय. क्रीमिंगमध्ये थेंब शाबूत असतात, नुसते वर किंवा खाली जमतात, हलवलं की पुन्हा पसरतात. क्रॅकिंगमध्ये थेंबांभोवतीचा इमल्सिफायरचा, म्हणजे तेल-पाणी एकत्र धरून ठेवणाऱ्या पदार्थाचा, थर तुटतो, तेल आणि पाणी कायमचे वेगळे होतात. मी तपासत असतो तर प्रकारांना एक, चाचण्यांना एक आणि अस्थिरतेला काही नाही. दोन, फार तर अडीच. हिवाळी परीक्षेचा फॉर्म भरलास ना?

---

मिठागर (शिरोडा) | २६ जुलै, ९.४८

नाही, भरला नव्हता. आता भरते.

हे दोन शब्द मी पाठ केले होते, समजून घेतले नव्हते. खूप वाईट वाटतंय. पेपर तपासला नाही याचं वेगळं आणि ह्याचं वेगळं.

---

बंदरावरचा केमिस्ट (मालवण) | २७ जुलै, सकाळी ८.३०

घाबरा नको गो बाय. तुका ही गोष्ट पुस्तकात शोधूची गरजच नाय, तुझ्या चुलीवर आसा.

खवलेल्या नारळाचा रस काढून वाटीत तासभर ठेव. दाट वर येईल, पातळ खाली राहील. चमचा फिरवला की पुन्हा एकजीव. हे क्रीमिंग. आता तोच रस पातेल्यात घालून भडक आचेवर खळखळ उकळ. आई काय म्हणेल? "रस फुटलो." वर तेलाचे डोळे, खाली पाणी आणि चोथा. मग कितीही ढवळ, आमटी मिळून येत नाही. हे क्रॅकिंग. उष्णतेने थेंबांभोवतीचं प्रथिनांचं आवरण मोडलं. रस आटवून खोबरेल काढतात तेव्हा आपण हेच मुद्दाम घडवून आणतो. म्हणून रस घातल्यावर आच मंद ठेवायची आणि ढवळत राहायचं, हे आपल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही.

डायल्यूशन चाचणीही तिथेच. रसाचा थेंब पाण्यात टाक, पसरतो, कारण बाहेरचा भाग पाणी आहे. लोण्याचा गोळा पाण्यात टाक, तसाच राहतो, कारण बाहेर तेल. आणि रंगाचं: अमारंथ पाण्यात विरघळतो, स्कार्लेट रेड तेलात. रसासारख्या 'पाण्यात तेल' इमल्शनला अमारंथ लावलास तर सूक्ष्मदर्शकाखाली भोवतालचा भाग लाल आणि थेंब बिनरंगी दिसतील. स्कार्लेट रेडने नेमकं उलट.

हे गुणांपुरतं नाही, म्हणून एवढं लिहितोय. उद्या तुझ्या दुकानात कुणी तेल वेगळं झालेली इमल्शनची बाटली घेऊन येईल. "हलवून घ्या" असं सांगितलंस आणि ती फुटलेली असली, तर रुग्णाच्या चमच्यात एकदा नुसतं तेल जाईल आणि एकदा नुसतं पाणी. औषधाची मात्रा त्या थेंबांत असते. फार्मसी कायद्याचं कलम ४२ नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणाला डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध बनवू, मिसळू किंवा देऊ देत नाही, ते ह्याचसाठी.

---

हर्णैची आई | २७ जुलै, ११.००

मी आज कालवणाला रस फुटू दिला आणि मुलाला पातेल्याजवळ उभं केलं. त्याला म्हटलं, आता सांग हे काय झालं. त्याने बरोबर सांगितलं.

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण) | २ ऑगस्ट, १०.१५

धाग्याच्या मथळ्यात एक्झिट परीक्षाही आहे, तिच्याबद्दल लिहा कुणीतरी. बहिणीला पुढे तीच द्यायचीय.

---

जुना परीक्षक | २ ऑगस्ट, दुपारी १२.३०

फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची ही नियमावली २४ फेब्रुवारी २०२२ च्या राजपत्रात आली. परीक्षा राष्ट्रीय परीक्षा मंडळ घेतं. पहिली ३ ते ५ ऑक्टोबर २०२४ ला झाली. तीन पेपर, सगळे बहुपर्यायी, माध्यम इंग्रजी. पहिल्यात फार्मास्युटिक्स, फार्माकॉलॉजी, फार्माकॉग्नोसी. दुसऱ्यात औषधी रसायनशास्त्र, बायोकेमिस्ट्री, हॉस्पिटल आणि क्लिनिकल फार्मसी. तिसऱ्यात कायदे आणि औषध दुकानाचं व्यवस्थापन. प्रत्येक पेपरात किमान ५० टक्के, आणि तिन्ही एकाच प्रयत्नात. दोन पेपरांत सत्तर पडले आणि तिसऱ्यात अठ्ठेचाळीस, तर तिन्ही पुन्हा द्यायचे. किती वेळा बसायचं याला मर्यादा नाही.

म्हणून ज्या पेपराला मुलं सोपा म्हणून बाजूला टाकतात, त्या तिसऱ्यापासूनच सुरुवात करा. शेड्यूल म्हणजे नियमांतल्या औषधांच्या याद्या: शेड्यूल एच आणि एच १ यांत फरक काय, एच १ ची नोंदवही तीन वर्षं जपायची, शेड्यूल एक्सची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक आपल्याकडे दोन वर्षं ठेवायची. हे नुसतं वाचून डोक्यात राहत नाही. दुकानात बसून त्या वह्या प्रत्यक्ष भरल्या की राहतं. ५०० तासांचं प्रशिक्षण असतं, त्यातले किमान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरचं औषध देण्याचे. ते नुसत्या सहीवर उरकू नका, ही कळकळीची विनंती.

बहुपर्यायी पेपरात पुरवणी हरवायची भीती नाही, पण अर्ध्या उत्तराचे अर्धे गुणही नाहीत. गणितात दशांश चिन्ह सरकलं की सगळंच गेलं.

---

बंदरावरचा केमिस्ट (मालवण) | २ ऑगस्ट, रात्री १०.०५

गणिताचा विषय निघालाच आहे तर मी दुकानातल्या मुलांना करायला लावतो ती दोन इथे देतो.

९५ टक्के अल्कोहोलपासून ७० टक्क्यांचं करायचंय. फुलीची पद्धत: डावीकडे ९५ आणि पाण्याचा ०, मध्ये ७०. तिरकी वजाबाकी केली की अल्कोहोल ७० भाग, पाणी २५ भाग, म्हणजे १४ ला ५. पण करताना ७०० मिली अल्कोहोलमध्ये २५० मिली पाणी मोजून ओतायचं नाही. दोन्ही मिसळले की आकारमान थोडं घटतं. ७०० मिली घ्या आणि पाण्याने ९५० च्या खुणेपर्यंत भरा. 'किती पाणी घालाल' आणि 'किती आकारमानापर्यंत न्याल' हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

दुसरं ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. एकूण २०.५ ग्रॅम, ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांची एकूण तीव्रता) लिटरला २४५ मिलिऑस्मोल. आता सांगा, आईने तेच पाकीट पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं तर काय होईल? सगळं दुप्पट तीव्र होतं. जुलाब लागलेल्या मुलाच्या आतड्यात पाणी शिरण्याऐवजी बाहेर ओढलं जातं. पावसाळ्यात हा प्रसंग माझ्या काउंटरवर दर आठवड्याला येतो. मी पाकिटासोबत बाटलीवर पेनने एक लिटरची खूण करून देतो.

---

मिठागर (शिरोडा) | १४ ऑक्टोबर, रात्री ८.२०

पुनर्मूल्यांकनाचा निकाल आला. पुरवणीतल्या उत्तराला दोन गुण. म्हणजे एका गुणाने अजून नापासच.

सर, तुम्ही सांगितलेत तेवढेच पडले.

---

हर्णैची आई | १४ ऑक्टोबर, ८.५१

मला फार राग आलाय. तीन पानं बघायची राहिली ही चूक त्यांची, आणि अडीच महिने थांबून दोन गुण? एक गुण वाढवून दिला असता तर कुणाचं काय गेलं असतं?

---

मिठागर (शिरोडा) | १४ ऑक्टोबर, ९.३०

काकू, तुम्ही माझ्या बाजूने रागावलात, मला खूप आधार वाटला. पण ते दोन गुण बरोबर आहेत. मी स्वतः तपासलं असतं तरी त्या उत्तराला तिसरा गुण दिला नसता. माझं म्हणणं एवढंच होतं की माझं उत्तर कुणीतरी वाचावं, आणि ते वाचलं गेलं. तक्त्यातला तो चौकोन आता कोरा नाही.

फॉर्म भरलेला आहे. हिवाळी पेपरला बसतेय.

---

दहा रुपयांचा स्टॅम्प (रत्नागिरी) | १५ ऑक्टोबर, ७.१०

हे वाचून बरं वाटलं. तुझी छायाप्रत आणि पत्र जपून ठेव. नावं आणि बैठक क्रमांक झाकून पत्राचा नमुना इथे टाकलास तर पुढच्या मुलांना कामाला येईल.

---

मिठागर (शिरोडा) | २१ जानेवारी, दुपारी ३.१५

सुटला. बारा गुण जास्त पडले.

इमल्शन आलंच नाही, सपोझिटरी आल्या. पण यावेळी प्रत्येक प्रश्न नव्या पानावर सुरू केला, पुरवणीचा क्रमांक मुखपृष्ठावर लिहिला आणि शेवटची दहा मिनिटं नुसती पानं मोजली.

सकाळी निकाल बघितला तेव्हा बाबा तारकर्लीच्या बसला उभे होते. त्यांना फोन केला तर म्हणाले, फळ्यांना वाळवी लागू नये म्हणून परवाच पुन्हा हात मारलाय.

आता एक्झिट. तिसऱ्या पेपरापासून सुरुवात केलीय. कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडीकडचं कुणी तयारी करत असेल तर रविवारी एकत्र बसू या का? मला फार्माकॉग्नोसी बरी येते, बायोकेमिस्ट्री कुणीतरी शिकवायला हवी. आणि स्टॅम्पकाका, पत्राचा नमुना खालच्या प्रतिसादात टाकतेय.

---

बंदरावरचा केमिस्ट (मालवण) | २१ जानेवारी, ३.४०

बरा झाला गो बाय! रविवारी माझं दुकान दुपारी दोनला बंद होतं, मागच्या खोलीत सहा जण बसतील. खरल, मापाचा ग्लास आणि जुना तराजू तिथेच आहे. कुडाळहून सकाळची गाडी धरलीत तर जेवायलाच या.